किनाऱ्याची रेघ



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते भूगोलाचे शिक्षक होते, असं आयोजकांनी पत्रात लिहिलं होतं. फळ्यावर खडूनं, मनातून, एका दमात किनारा काढणाऱ्या पिढीतले ते असणार. म्हणून आज किनारे काढणाऱ्यांबद्दलच बोलावं असं ठरवलं. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत युरोपातल्या जहाजांनी जे किनारे पाहिले ते तांब्याच्या पत्र्यावर कोरले गेले, छापले गेले, पुस्तकांतून आणि सुट्या कागदांवरून घरोघर गेले. आज ही चित्रं लिलावात विकली जातात, हॉटेलांच्या भिंतींवर दिसतात. त्यांच्याकडे शोभेची वस्तू म्हणून पाहायची सवय आपल्याला लागली आहे.

या चित्रांचे दोन वंश आहेत. एक दिवाणखान्यात गेला. त्यात टेकड्या, ताडमाड, बंदरात डौलात उभं असलेलं जहाज, पुढे दोन-चार माणसं. दुसरा वंश जहाजाच्या टपावर राहिला. त्यात फक्त एक लांब, बारीक पट्टी असते. समुद्रातून जमीन जशी दिसते तशी तिची वरची कड, आणि खाली दोन ओळी: अमुक टोक ईशान्येस, अंतर चार लीग. लीग म्हणजे तीन सागरी मैल. या पट्टीत माणूस नसतो, ढग नसतात, बहुतेक वेळा सावलीही नसते. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे की चुकीची रेघ जिथं जहाज खडकावर घालू शकत होती तिथं ती खरी राहिली, आणि गिऱ्हाइकाची मर्जी राखायची होती तिथं ती हलली. पण खरी रेघ म्हणजे निष्पाप रेघ नव्हे. त्या मुद्द्याकडे मी थोड्या वेळानं येईन.

पट्टीपासून सुरुवात करू. हॉलंडमध्ये एन्खाउझेन नावाचं एक छोटं बंदर आहे. तिथं लुकास वाखेनार नावाचा एक सुकाणूदार राहत होता. अनेक वर्षं त्यानं युरोपच्या पश्चिम किनाऱ्यावर जहाजं हाकली आणि १५८४ मध्ये लायडनला एक पुस्तक छापून घेतलं. दर्यावर्दीचा आरसा असं काहीसं त्याचं नाव. समुद्री नकाशांचं हे पहिलं छापील पुस्तक मानलं जातं. दुसरा भाग पुढच्या वर्षी आला. नकाशे त्यापूर्वीही होते, पण ते बहुतेक हातानं काढलेले, ज्याचे त्यानं लपवून ठेवलेले. वाखेनारनं प्रत्येक नकाशात किनाऱ्याच्या आतल्या बाजूला तोच किनारा समुद्रातून कसा दिसतो ते काढून दाखवलं. म्हणजे एकाच कागदावर पक्ष्याच्या नजरेचा आणि डोलकाठीखाली उभ्या असलेल्या माणसाच्या नजरेचा किनारा. दुसरी गोष्ट त्यानं केली ती आजच्या नकाशाशास्त्रज्ञाला खटकेल. खाड्या आणि बंदरं त्यानं मोठी काढली आणि दोन बंदरांमधला ओसाड किनारा आखडला. सुकाणूदाराला अडचण येते ती बंदरात शिरताना. मधल्या वाळूच्या लांबीशी त्याला फारसं कर्तव्य नसतं. प्रमाण चुकलं, पण उपयोग चुकला नाही.

वाखेनारचे पत्रे कोरले योआनेस व्हान डुटेकुम यानं. हे नाव लक्षात ठेवा, कारण याच घराण्याच्या हातून गोवा कोरला गेला.

आता हे कोरणं म्हणजे नेमकं काय, ते सांगायला हवं. गुळगुळीत घासलेला तांब्याचा पत्रा घ्यायचा. टोकदार पोलादी कोरणीनं त्यात रेघ खणायची. कोरणी हातानं पुढे ढकलायची आणि वळण आलं की हात न वळवता पत्रा फिरवायचा. सगळ्या पत्र्यावर शाई चोळायची, मग पुसून काढायची. शाई राहते ती फक्त रेघांच्या खाचांत. ओलसर कागद ठेवून दोन रुळांच्या यंत्रातून जोरानं दाबला की कागद खाचांत शिरून शाई उचलतो. त्या दाबानं कागदावर पत्र्याच्या चारी कडांचा ठसा उमटतो. जुनं चित्र हातात आलं तर तिरप्या उजेडात तो ठसा आधी शोधावा. कोरलेलं सगळं छापताना उलटं येतं, त्यामुळे कारागिराला डावं उजवं करून कोरावं लागतं. आणि छापलेल्या चित्रावरून दुसऱ्यानं नक्कल करताना तेवढी मेहनत घेतली नाही, तर सबंध बंदर आरशातल्यासारखं उलटं होऊन बसतं. जुन्या चित्रांत अशी उलटलेली बंदरं सापडतात.

यात एक गोष्ट विसरायची नाही. किनारा पाहणारा एक, चित्र काढणारा कधी तोच तर कधी दुसरा, लंडनला किंवा ॲमस्टरडॅमला त्याचं कोरण्याजोगं चित्र करून देणारा तिसरा, कोरणारा चौथा, रंग भरणारे पाचवे. यातल्या पहिल्या दोघांखेरीज कोणी घराबाहेर पाऊल टाकलेलं नसे.

यान हाउखेन व्हान लिन्सखोटेन हा डच तरुण गोव्याच्या आर्चबिशपचा लेखनिक म्हणून १५८३ मध्ये गोव्यात आला आणि पाचेक वर्षं राहिला. आर्चबिशपच्या कचेरीत बसून त्यानं डोळे आणि कान उघडे ठेवले. पोर्तुगीजांनी शतकभर जपलेली जलमार्गांची माहिती त्यानं टिपून घेतली, आणि परतल्यावर १५९६ मध्ये ॲमस्टरडॅमच्या कॉर्नेलिस क्लास या प्रकाशकानं त्याचं पुस्तक काढलं. परतल्यावर हा गृहस्थ राहिला कुठे, तर वाखेनारच्याच एन्खाउझेनमध्ये. त्याच्या पुस्तकातली गोव्याची चित्रं व्हान डुटेकुम मंडळींनी कोरली. त्यातलं रुआ दिरैता या रस्त्यावरच्या बाजाराचं चित्र तुम्ही पाहिलं असेल: लिलाव चाललाय, पोर्तुगीज साहेब घोड्यावर, मागे छत्री धरणारा, पालखी, विकायला आणलेले गुलाम. मूळ चित्रं लिन्सखोटेननं स्वतः काढली होती, आणि त्यानं पाहिलेलं त्यात बरंच आहे. पण कोरणाऱ्यानं गोवा पाहिला नव्हता. त्यानं माणसांची शरीरं आपल्या तालमीतली घातली. पिळदार पोटऱ्या, एक पाय पुढे टाकून उभं राहणं, गालांची ठेवण, सगळं उत्तरेकडचं. पुढे दोन-तीन वर्षांत फ्रांकफुर्टच्या द ब्री घराण्यानं हीच चित्रं आपल्या प्रवासमालेत नव्यानं कोरून घेतली आणि मग युरोपनं शतकभर कोकणातली माणसं पाहिली ती अशी, तीन हातांतून गाळून आलेली.

कोकण म्हटलं की आपली उत्सुकता वाढते हे मी समजू शकतो. पण या सगळ्या प्रकाराचं खरं स्वरूप पाहायचं असेल तर प्रशांत महासागरात जायला हवं, कॅप्टन कुकच्या तीन सफरींबरोबर. कारण तिथं मूळ चित्रंही शिल्लक आहेत आणि छापलेलीही. दोन्ही शेजारी ठेवून पाहता येतात.

पहिली सफर १७६८ ते १७७१, एंडेव्हर जहाजावरून. बरोबर दोन चित्रकार होते, सिडनी पार्किन्सन आणि ॲलेक्झांडर बुकन. दोघेही परतले नाहीत. बुकन ताहितीला पोचल्यावर लगेच वारला आणि पार्किन्सन बटाव्हिया सोडल्यावर भर समुद्रात. मरण्याच्या तीन महिने आधी, जानेवारी १७६९ मध्ये, बुकननं दक्षिण अमेरिकेच्या टोकाला तिएरा देल फ्वेगोच्या थंडीत तिथल्या लोकांची एक झोपडी काढली. फांद्या आणि गवताचं खोपटं, आत शेकोटीभोवती आखडून बसलेली माणसं. कुठे काही लपवलेलं नाही की सजवलेलं नाही. हे चित्र लंडनला आलं. जॉन हॉक्सवर्थ नावाच्या लेखकाला नौदलानं सफरीचा वृत्तांत लिहायला नेमलं होतं; त्याचं पुस्तक १७७३ मध्ये निघालं. त्यासाठी चिप्रियानी या इटालियन चित्रकारानं बुकनचं चित्र नव्यानं मांडलं आणि बार्तोलोत्सीनं ते कोरलं. झोपडी मोठी झाली, सुबक झाली. भोवती झाडी आली. माणसं ताठ बसली आणि तारुण्यानं भरली. थंडी नाहीशी झाली. हवामान बदलण्याची कला तेव्हाच्या छापखान्यांना अवगत होती, असं म्हणायला हरकत नाही.

हे का झालं? चिप्रियानी आणि बार्तोलोत्सी दोघेही रॉयल अकादमीचे सभासद. शरीर कसं काढायचं याचे नियम त्यांनी ग्रीक आणि रोमन पुतळ्यांवरून गिरवलेले. शिवाय निसर्गाच्या कुशीतला माणूस सुखी आणि निष्कपट असतो, ही कल्पना तेव्हा युरोपच्या डोक्यात शिरलेली होती. बेटावरचा माणूस कसा दिसावा हे जहाज निघण्याआधीच ठरलेलं होतं. ऑस्ट्रेलियन कलेतिहासकार बर्नार्ड स्मिथ यांनी १९६० मध्ये या विषयावर एक मोठा ग्रंथ लिहिला. छापचित्रांकडे कसं पाहावं हे मी त्या ग्रंथावरूनच शिकलो.

दुसऱ्या सफरीवर विल्यम हॉजेस होता. चांगला निसर्गचित्रकार, ढगांचा, ओल्या उजेडाचा त्याला सराव होता. ऑक्टोबर १७७३ मध्ये जहाजं टोंगा बेटांतल्या एउआवर लागली, ज्याला डचांनी मिडलबर्ग नाव दिलं होतं. तिथल्या स्वागताचं चित्र हॉजेसवरून शेरविननं कोरलं. ते पाहून त्याच सफरीवर निसर्गअभ्यासक म्हणून गेलेला तरुण गेओर्ग फोर्स्टर चिडला. त्यानं आपल्या पुस्तकात साफ लिहिलं की ही चेहरेपट्टी ग्रीक आहे आणि अंगावरची वस्त्रं त्या बेटावर कोणी कधी नेसली नाहीत. प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसानं छापील चित्राला खोटं ठरवण्याची ही घटना मला फार मोलाची वाटते. पण फोर्स्टरचं पुस्तक किती जणांनी वाचलं आणि शेरविनचं चित्र किती जणांनी पाहिलं?

तिसऱ्या सफरीत १४ फेब्रुवारी १७७९ रोजी हवाई बेटावर, केअलाकेकुआच्या उपसागरात कुक मारला गेला. जहाजावरचा चित्रकार जॉन वेबर यानं केलेल्या चित्रावरून बार्तोलोत्सीनं माणसं आणि विल्यम बर्ननं निसर्ग कोरला. एकाच पत्र्यावर दोन कारागीर, एक मांसाचा आणि एक पाण्याचा, ही त्या काळची नेहमीची रीत. या चित्रात कुक लोकांकडे पाठ करून समुद्राकडे हात उंचावतो आहे, आपल्याच शिपायांना गोळीबार थांबवा म्हणून सांगतो आहे. मागून सुरा उगारलेला. शांतिदूताचा वध, असं ते चित्र आहे, आणि पुढे दोनशे वर्षं शाळेच्या पुस्तकांत कुक असाच मेला.

याच प्रसंगाचं आणखी एक चित्र होतं. जॉन क्लेव्हली हा चित्रकार सफरीवर नव्हता, पण त्याचा भाऊ जेम्स जहाजावर सुतार होता. भावाच्या सांगण्यावरून आणि रेखाटनांवरून काढलेली चित्रं म्हणून त्याचा संच १७८७-८८ च्या सुमारास ॲक्वाटिंट नावाच्या छपाईपद्धतीनं निघाला. तोवर जॉन क्लेव्हली वारला होता. छापलेल्या चित्रात कुक इथेही हात वर करून शांतता मागतो. २००४ मध्ये मूळ जलरंग चित्र एका कुटुंबाच्या संग्रहातून बाहेर आलं. त्यात कुक उलट्या बंदुकीनं हाणामारी करतो आहे, आजूबाजूला प्रेतं आहेत. म्हणजे कागदापासून पत्र्यापर्यंतच्या प्रवासात कोणीतरी त्याच्या हातातली बंदूक खाली आणली. कोणी, ते ठरवायची गरज नाही; कोणत्या बाजूनं बदल झाला एवढं पुरे आहे.

आता त्याच जहाजांवर चाललेलं दुसरं काम पाहा. कुकच्या जहाजांवर उमेदवारी करणाऱ्या पोरांना किनाऱ्याची पट्टी काढायला शिकवलं जाई. पंधरा-सोळा वर्षांची ही मुलं टपावर बसून टेकड्यांची कड काढत, होकायंत्रावरून दिशा लिहीत. त्यांच्यातले काही पुढे स्वतः कप्तान झाले. व्हँकुव्हर त्यांतलाच एक. हॉजेसनंही अशा लांब पट्ट्या काढल्या आहेत, आणि त्या काढताना याच हॉजेसचा हात कसा आवरतो ते पाहण्यासारखं आहे. झाड नाही, बाई नाही, ग्रीक नाक नाही. कारण पुढचं जहाज या पट्टीवर भरवसा ठेवून बेट ओळखणार आहे. पाच वर्षांनी येणाऱ्या एखाद्या अनोळखी कप्तानाला फसवून चालणार नव्हतं.

इथं एक नाव आणतो, ॲलेक्झांडर डॅलरिंपल. शुक्राचं अधिक्रमण पाहण्यासाठी निघालेल्या एंडेव्हर सफरीचं नेतृत्व याला हवं होतं. जहाजाचा ताबा मलाच पाहिजे म्हणून हटून बसला. नौदलानं नकार दिला आणि ती जागा कुकला मिळाली. हा गृहस्थ कुकवर नाराज राहिला. पण पुढे जे काम त्यानं केलं ते कुकच्या कामाहून कमी नाही, असं मला वाटतं. १७७९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं त्याला आपला जलालेखक नेमलं, आणि १७९५ मध्ये ब्रिटिश नौदलाचा पहिला जलालेखकही तोच झाला. कंपनीच्या कप्तानांच्या रोजनिशा त्याच्याकडे येत. त्यांतून त्यानं शेकडो नकाशे आणि किनाऱ्यांच्या पट्ट्या कोरून काढल्या. त्यांत शोभा शून्य. बारीक रेघ, नाव, दिशा, अंतर, कोणाच्या जहाजावरून पाहिलं ते, आणि तारीख. बुकनच्या झोपडीचं जे झालं ते या पट्ट्यांचं होऊ शकत नव्हतं, कारण इथं कोणाची तरी सही खाली होती आणि ती सही करणारा जहाज घेऊन पुन्हा तिथं जाणार होता.

आपल्या किनाऱ्याची मोजणी मुंबई मरीनच्या जॉन मॅक्लुअरनं १७८७ ते १७९० या काळात केली आणि ती डॅलरिंपलनं छापली. हा मॅक्लुअर पुढे प्रशांतातल्या पलाऊ बेटांवर गेला, तिथंच राहायचं म्हणून त्यानं जहाजाची कामगिरी सोडून दिली, वर्षभरानं कंटाळून निघाला आणि नंतरच्या एका सफरीत जहाजासह बेपत्ता झाला.

समुद्रातून कोकण ओळखणं सोपं नाही, हे तुमच्यातल्या किनाऱ्यावर वाढलेल्यांना मी सांगायला नको. आपले सडे सपाट. जांभ्याचं एक टेबल संपलं की खाडी, खाडीपलीकडे तसंच दुसरं टेबल. जयगडचा सडा कोणता आणि विजयदुर्गचा कोणता, हे आठ-दहा मैलांवरून नवख्याला कळत नाही. मागे सह्याद्री, पण तो दिसेल याची खात्री नाही. पावसाळा संपल्यावर हवा धुऊन निघते तेव्हा घाटमाथा स्पष्ट. फाल्गुन-चैत्रात धुरकट पडद्यामागे तो आहे की नाही तेही समजत नाही. सकाळी सूर्य डोंगरामागे, म्हणून किनारा काळ्या कडेसारखा; दुपारनंतर उजेड समोरून पडतो आणि मग घळी, वाड्या, पांढरी देवळं उमटतात. म्हणजे एकाच ठिकाणाचे दोन चेहरे. म्हणून पट्टीवर अंतर आणि दिशा नसेल तर ती कुचकामी. दोन मैल पुढे गेलं की समोरच्या टेकडीमागून दुसरी डोकावते आणि सगळी कडच बदलते.

मुंबईच्या बंदरात येणाऱ्या जहाजांना म्हणूनच काही ठरलेल्या खुणा लागत. कर्नाळ्याचा सुळका त्यांच्यातला एक. आपण गडाचा अंगठा म्हणून त्याच्याकडे पाहतो, तो त्यांच्या कागदांत नरसाळ्याचा डोंगर, फनेल हिल, म्हणून आहे. मलंगगडाच्या सुळक्यांना ते कॅथीड्रल म्हणत. खांदेरी आणि उंदेरी ही जोडी त्यांच्या कागदांत केनेरी आणि हेनेरी. आपल्या इतिहासात जिथं किती तरी रक्त सांडलं ती ही बेटं त्या पट्टीत दोन छोट्या फुगवट्यांएवढी आहेत, आणि हे बरोबरच आहे, कारण समुद्रातून ती तेवढीच दिसतात.

हे ज्ञान फक्त गोऱ्या सुकाणूदारांचं होतं असं कोणी समजू नये. आपले कोळी, भंडारी, खारवी तांडेल कागदाशिवाय हेच करत आलेत. एक डोंगर आणि एक देऊळ एका रेषेत आलं, दुसरीकडे टोक आणि झाड जुळलं, की जाळं टाकायचं. फरक इतकाच की त्यांची पट्टी डोक्यात होती, मुलाकडे जायची. गोऱ्यांची लंडनला छापून कोणालाही विकत मिळायची. म्हणजे ज्याला इथं यायचं कारण नव्हतं त्यालाही वाट सापडली.

मघाशी म्हटलेला निष्पापपणाचा मुद्दा इथं येतो. किनाऱ्याची खरी रेघ कोणाला हवी असते? व्यापाऱ्याला, आणि तोफा घेऊन येणाऱ्याला. १७५५ मध्ये कमोडोर विल्यम जेम्सनं सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसनचं आरमार घेरियासमोर, म्हणजे आपल्या विजयदुर्गासमोर, उभं राहिलं, क्लाइव्ह जमिनीवरून आला, आणि आंग्र्यांचं आरमार एका दिवसात खाडीत जळालं. लंडनजवळ शूटर्स हिलवर जेम्सच्या विधवेनं १७८४ मध्ये नवऱ्याच्या आठवणीसाठी तीन कोपऱ्यांचा एक बुरूज बांधला. त्याचं नाव सेव्हर्नड्रूग कॅसल, आणि तो अजून उभा आहे. वेस्टमिन्स्टर ॲबेत वॉटसनच्या स्मारकावर घेरियाचं नाव आहे. डॉमिनिक सेरेस हा समुद्रचित्रं काढणारा चित्रकार कधी हिंदुस्थानात आला नाही, पण १७७१ मध्ये त्यानं घेरियाच्या लढाईची मोठी तैलचित्रं काढली. आरमारं, धूर, आगी. किल्ला तिथं अगदी किल्ल्यासारखा आहे. तो विजयदुर्ग आहे हे कळायला मात्र खालचं नाव वाचावं लागतं.

दिवाणखान्याच्या वंशाबद्दल मी फार कडक बोललो असेन, म्हणून एक बाजू मांडतो. थॉमस आणि विल्यम डॅनियल, काका-पुतण्या. पुतण्या सोळा वर्षांचा असताना दोघे निघाले आणि कलकत्त्यात राहून १७८६ ते १७८८ मध्ये शहराची बारा चित्रं ॲक्वाटिंटनं छापली. ॲक्वाटिंटमध्ये पत्र्यावर राळेची पूड टाकून तेजाबानं पोखरतात. त्यामुळे रेघेऐवजी सपाट छटा मिळते, जलरंगासारखी. समुद्राला आणि धुक्याला याच्याइतकी योग्य पद्धत नाही. कलकत्त्यात कारागीर मिळेनात, तेव्हा थॉमसनं जवळपास सगळं स्वतः केलं आणि स्थानिक माणसांना हाताशी घेतलं. विल्यम तिथं ही कला शिकला. १७९३ मध्ये दोघे मुंबईत आले, घारापुरी, कान्हेरी, कार्ला पाहिलं, घरी गेले. आणि १८१४ पासून विल्यमनं सबंध ब्रिटन बेटाला वळसा घालून त्याच्या किनाऱ्याची चित्रं काढायला घेतली. १८२५ पर्यंत आठ खंड, ३०८ चित्रं. स्कॉटलंडच्या वायव्येकडचे कडे, रिकामी बंदरं, मासे वाळवणाऱ्या झोपड्या. ही चित्रं पाहताना मला वाटतं की दिवाणखान्यासाठी काढलेलं चित्रही प्रामाणिक राहू शकतं, जर पाहणारा आणि पत्रा करणारा एकच माणूस असेल तर. विल्यमनं मधले सगळे हात काढून टाकले होते.

मुंबईत डॅनियलांना भेटलेला जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये इथं आला होता. त्यानं मुंबई बेटाची बारा दृश्यं काढली, ती १८०० मध्ये लंडनला छापून निघाली. वेल्स त्याआधीच, १७९५ मध्ये, वारला होता. मलबार हिलवरून, माझगावच्या बेलमाँटवरून दिसणारी मुंबई. बेटाबेटांमधलं पाणी, ताडांचे राखाडी शेंडे, दूर कर्नाळ्याच्या बाजूचे डोंगर. आज ही दृश्यं ज्या जागांवरून दिसत होती तिथून समोर इमारती दिसतात. पुण्यात रेसिडेंट मॅलेटच्या आश्रयानं वेल्सनं काही स्थानिकांना चित्रकला शिकवली. गंगाराम तांबट हे त्यांच्यातलं ठळक नाव. त्याच पुणेरी वर्तुळात एका तांबटाला पत्रे कोरून छापायची विद्या शिकवण्यात आली, नाना फडणविसांना भगवद्गीता छापून घ्यायची होती म्हणून. नाना गेले. तो कारागीर मिरजेला गंगाधरराव पटवर्धनांकडे गेला आणि तिथं १८०५ मध्ये गीता तांब्याच्या पत्र्यांवरून छापली गेली. संशोधक अ. का. प्रियोळकरांनी ही हकीकत नोंदवून ठेवली आहे. किनारा कोरणाऱ्या कोरणीनं आपल्याकडे पहिल्यांदा हाती घेतली ती गीता. किनारा कोरावा असं कोणाला सुचलं नाही. मराठ्यांकडे आरमार होतं, किल्ले होते, तांबट होते. छापील समुद्री नकाशा नव्हता.

विकत घेणाऱ्यांसाठी दोन व्यावहारिक गोष्टी सांगतो, कारण सभेनंतर काय घ्यावं हा प्रश्न हमखास येतो. जुनी प्रवासाची पुस्तकं व्यापारी फोडतात. आख्ख्या पुस्तकापेक्षा सुटी पानं जास्त पैसे देतात. फोडताना ताडमाडांची, होड्यांची पानं चौकटीत जातात आणि पट्ट्यांची पानं मागे राहतात, म्हणून पट्ट्या स्वस्त मिळतात. माझ्या मते त्याच घ्याव्यात. दुसरं असं की अठराव्या शतकातल्या सफरींची बहुतेक चित्रं काळ्या शाईत निघाली होती. गुलाबी आभाळ आणि पोपटी डोंगर दिसले तर ते बहुधा अलीकडच्या कोणी दुकानासाठी भरलेले असतात. रंगीत चित्राला भाव जास्त येतो एवढंच त्यामागचं कारण. घरबसल्या पाहायचं असेल तर डेव्हिड रम्सी संग्रहाच्या आणि ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या प्रती संगणकावर फुकट आहेत, आणि भिंगापेक्षा मोठ्या करून पाहता येतात.

शेवटी, जे कोरलं गेलं नाही त्याबद्दल. नोव्हेंबर १५३८ मध्ये पोर्तुगीज आरमार गोव्याहून दीवला निघालं. त्यात दों जुआंव द कास्त्रो होता, पुढे गोव्याचा व्हाइसरॉय झालेला. लिन्सखोटेनच्या जवळजवळ अर्धशतक आधी. रोज अक्षांश, रोज सुईचं वळण, प्रत्येक खाडीचं तोंड आणि खोली तो टिपत गेला. वसईजवळ त्याच्या लक्षात आलं की होकायंत्र भलतंच दाखवतंय, आणि त्यानं ते खडकांवर टाकलं. आपल्या काळ्या कातळात लोह आहे हे आता आपल्याला ठाऊक आहे. घारापुरीची लेणी त्यानं पाहून, मापून लिहिली. आणि दाभोळ, चौल, वसई, दीव, प्रत्येक बंदराचा एक तक्ता केला. वरून पाहिलेला नकाशा आणि समोरून पाहिलेली टेकड्यांची कड दोन्ही एकाच कागदावर, वाखेनारच्या पंचेचाळीस वर्षं आधी. सोळाव्या शतकातलं कोकण एखाद्या कागदावर ओळखू येत असेल तर ते या तक्त्यांवर. पण पोर्तुगालच्या राजाला ही माहिती कुलपात हवी होती. हस्तलिखिताच्या नकला झाल्या, त्या हातोहात फिरल्या, कोणी पत्रा कोरला नाही. तीनशे वर्षांनी, १८४३ मध्ये, पोर्तो शहरात दियोगु कोपकेनं ते छापलं. तेव्हा मुंबईहून सुएझला आगबोट जाऊन तेरा वर्षं झाली होती, आणि चौलचं बंदर गाळानं भरत आलं होतं.